एअरपोर्टच्या एक्स-रे मशीनने कॅमेरा आणि फिल्म खराब होते का? प्रवासाआधी हे वाचा

घरातल्या जुन्या कपाटातून याशिका किंवा पेंटॅक्स बाहेर काढायचा, त्यात रोल भरायचा आणि ट्रिपला न्यायचा, ही हौस गेल्या काही वर्षांत पुन्हा वाढली आहे. लग्नकार्यात इन्स्टॅक्सचे झटपट फोटो तर सगळीकडेच दिसतात. पण विमानप्रवास आला की सिक्युरिटी चेकच्या रांगेत एक प्रश्न हमखास पडतो. कॅमेरा ट्रेमध्ये ठेवला आणि तो मशीनमध्ये गेला, तर आतल्या फोटोंचं काय होणार?

याची दोन उत्तरं आहेत, डिजिटलचं वेगळं आणि फिल्मचं वेगळं. त्यातही "८०० आयएसओच्या खालची फिल्म असेल तर बिनधास्त जाऊ द्या" हा जो सल्ला वर्षानुवर्षं सांगितला जातो, तो आता अर्धाच खरा आहे. कारण एअरपोर्टवरची मशीनच बदलत चालली आहेत.

शिवाय फिल्मचं नुकसान त्या क्षणी दिसत नाही. रोल धुऊन हातात येतो तेव्हाच कळतं, आणि तोवर ती ट्रिप, ते लग्न, फोटोतली ती माणसं, सगळं मागे पडलेलं असतं. ते फोटो पुन्हा काढता येत नाहीत. म्हणून ही माहिती निघण्याआधी वाचून ठेवा.

थोडक्यात उत्तर

घाईत असाल तर एवढं लक्षात ठेवा:

- डिजिटल कॅमेरा, लेन्स, मेमरी कार्ड, पेनड्राइव्ह, मोबाईल: कुठल्याही मशीनमधून जाऊ द्या. काही होत नाही.
- न धुतलेली फिल्म (कोरी असो वा फोटो काढलेली): चेक-इन बॅगेत कधीही टाकू नका.
- केबिन बॅगेचं साधं एक्स-रे मशीन: ८०० आयएसओच्या खालची फिल्म दोन-चार वेळा गेली तर सहसा फरक दिसत नाही.
- केबिन बॅगेचं नवं सीटी मशीन: कुठल्याही आयएसओची फिल्म एकदाही जाऊ देऊ नका. हाताने तपासायची विनंती करा.
- धुतलेले निगेटिव्ह, स्लाइड आणि प्रिंट: यांना कशाचीच भीती नाही.

आता यामागचं कारण समजून घेऊ. कारण कळलं की रांगेत उभं असताना निर्णय घेणं सोपं जातं.

एक्स-रे फिल्मला नेमकं काय करतो?

हाड मोडल्यावर पूर्वी दवाखान्यातून एक मोठी काळी-निळी फिल्म मिळायची. तिच्यात हाडं पांढरी आणि बाकीचा भाग काळा दिसायचा. एक्स-रे जिथे फिल्मपर्यंत पोचला तिथे ती काळी झाली, आणि हाडाने जिथे त्याला अडवलं तिथे पांढरी राहिली. म्हणजेच एक्स-रे फिल्मवर परिणाम करतो हे आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. फक्त तिथे तो परिणाम आपल्याला हवा होता. एअरपोर्टवर तोच परिणाम नको असतो.

कॅमेऱ्याच्या फिल्मवर जिलेटिनच्या पातळ थरात चांदीच्या संयुगाचे, म्हणजे सिल्व्हर हॅलाइडचे, बारीक स्फटिक असतात. प्रकाश पडला की स्फटिकात चांदीच्या काही अणूंचा एक छोटासा पुंजका तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. रोल धुताना रसायन हा पुंजका शोधतं आणि तो अख्खा स्फटिक काळ्या चांदीत बदलतं. असे असंख्य काळे ठिपके मिळून निगेटिव्ह तयार होते.

अडचण अशी की तो पुंजका प्रकाशाने तयार झाला की एक्स-रेने, हे रसायनाला ओळखता येत नाही. एक्स-रे रोलच्या डबीतून, कॅमेऱ्याच्या बॉडीतून आरपार जातो आणि जिथे प्रकाश कधी पडलाच नव्हता तिथलेही स्फटिक "एक्सपोज" करून टाकतो. परिणामी पूर्ण फिल्मवर एक धुरकट पडदा चढतो. याला फॉग म्हणतात.

फॉग चढलेल्या रोलचे फोटो कसे दिसतात?

- सावल्या आणि काळा रंग गडद न राहता राखाडी, दुधाळ होतो.
- अंधाऱ्या भागातले बारकावे निघून जातात.
- दाणे, म्हणजे ग्रेन, जास्त दिसतात.
- रंगीत फिल्ममध्ये रंगांचा तोल बिघडतो.
- जोरदार मशीनमधून गेल्यास फिल्मवर सरळ किंवा नागमोडी पट्टे उमटतात.

इतिहासातली एक गंमत इथे सांगायलाच हवी. १८९५ मध्ये राँटजेनने एक्स-रे शोधला. त्यानंतर काही महिन्यांतच, १८९६ मध्ये, हेन्री बेकेरेलने काळ्या कागदात गुंडाळलेल्या फोटोच्या काचा युरेनियमच्या क्षारासोबत खणात ठेवल्या. धुतल्यावर त्या काळ्या झालेल्या निघाल्या, आणि त्यातूनच किरणोत्सर्गाचा शोध लागला. ज्या गुणामुळे फिल्मने विज्ञानाला एवढा मोठा शोध दिला, तोच गुण आज एअरपोर्टवर आपल्याला नडतो!

परिणाम साठत जातो

एक्स-रेचा परिणाम बेरजेसारखा असतो. आज एकदा, परवा एकदा, परतीला दोनदा, असा प्रत्येक फेरीचा थोडा थोडा डोस फिल्मवर साठत जातो. मध्ये चार दिवस गेले म्हणून तो पुसला जात नाही. त्यामुळे एकाच मशीनचा विचार न करता सगळ्या प्रवासात मिळून किती मशीन येणार, हे मोजायला हवं.

दुसरी गोष्ट आयएसओची. जास्त आयएसओची फिल्म कमी प्रकाशात काम करते, कारण तिचे स्फटिक साधारणपणे मोठे आणि जास्त संवेदनशील असतात. त्यामुळे एक्स-रेही ती जास्त पकडते. कोडॅक गोल्ड २०० पेक्षा पोर्ट्रा ८०० लवकर खराब होते, आणि इल्फर्ड डेल्टा ३२०० त्याहूनही लवकर.

आयएसओबाबत तीन गोष्टी बरेच जण विसरतात:

१. इन्स्टॅक्स मिनीची फिल्म ८०० आयएसओची असते. पार्टीतला खेळ म्हणून आपण तिच्याकडे लक्ष देत नाही, पण एक्स-रेच्या हिशेबात ती "हाय स्पीड" आहे.

२. वापरा आणि फेका प्रकारच्या कॅमेऱ्यातही हाच धोका असतो. कोडॅकच्या फनसेव्हरमध्ये ८०० ची फिल्म असते.

३. तुम्ही ४०० ची फिल्म १६०० वर सेट करून फोटो काढणार असाल आणि लॅबला "पुश" करायला सांगणार असाल, तर ती १६०० ची समजूनच सांभाळा. पुश करताना फॉगही वाढतो.

मग डिजिटल कॅमेऱ्याला काही का होत नाही?

मेमरी कार्डात फोटो विद्युतभाराच्या रूपात साठवलेले असतात. अब्जावधी अगदी बारीक कप्पे आणि प्रत्येकात अडकवलेले इलेक्ट्रॉन, असं समजा. हे कप्पे बिघडवण्यासाठी जेवढा डोस लागेल, त्याच्या मानाने एअरपोर्टच्या मशीनचा डोस नगण्य असतो. कार्डात त्या डोसला रसायनाने कित्येक पटींनी मोठं करून दाखवणारी "धुण्याची" पायरीही नसते. फिल्मचं नुकसान दिसतं ते या पायरीमुळेच.

सेन्सरचंही तसंच. कॅमेरा बंद असताना तो काही नोंदवत नाही आणि पुढचा फोटो काढताना पाटी कोरीच असते. "मेटल डिटेक्टरमधल्या चुंबकाने कार्ड पुसलं जाईल" ही भीतीही निराधार आहे, कारण मेमरी कार्ड चुंबकावर चालत नाही.

डिजिटल कॅमेऱ्याला खरा धोका असतो तो आदळआपटीचा आणि चोरीचा. म्हणून कॅमेरा आणि लेन्स केबिन बॅगेतच न्या. भारतात इकॉनॉमी तिकिटावर केबिन बॅगेला साधारण ७ किलोची मर्यादा असते, त्यामुळे ट्रायपॉड, चार्जर, कपडे चेक-इनला टाका आणि काच-इलेक्ट्रॉनिक्स जवळ ठेवा. आपल्याकडे सीआयएसएफचे जवान बऱ्याचदा कॅमेरा बॅगेतून काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायला सांगतात. तो पटकन निघेल असा वरच ठेवा. ट्रेमध्ये ठेवताना लेन्सला झाकण लावा आणि पट्टा आत गुंडाळा, म्हणजे तो रोलरमध्ये अडकणार नाही.

एअरपोर्टवरची मशीन कोणती, आणि कुठलं धोक्याचं?

सगळ्या मशीनना आपण सरसकट "स्कॅनर" म्हणतो. पण फिल्मच्या दृष्टीने त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

*माणसांसाठीची चौकट आणि बॉडी स्कॅनर.* चौकटीचा मेटल डिटेक्टर आणि हातातला डिटेक्टर चुंबकीय क्षेत्र वापरतात. नवे बॉडी स्कॅनर मिलिमीटर लहरी, म्हणजे रेडिओ लहरींचाच एक प्रकार, वापरतात. यांचा फिल्मवर परिणाम होत नाही. पण रोलची डबी धातूची असल्याने खिशात ठेवली तर ती वाजते आणि शेवटी ट्रेमध्येच जाते.

*केबिन बॅगेचं साधं एक्स-रे मशीन.* आपल्या ओळखीचं हेच. पट्ट्यावर बॅग सरकते, एक-दोन बाजूंनी एक्स-रे पडतो आणि सपाट चित्र मिळतं. डोस खूप कमी असतो. ८०० चा जुना नियम याच मशीनसाठी बनला होता. अमेरिकेत विमानतळ सुरक्षा सांभाळणाऱ्या टीएसएच्या जुन्या सूचनांमध्येही हेच होतं: ८०० आणि त्यावरची फिल्म, किंवा कुठलीही फिल्म जी पाचपेक्षा जास्त वेळा एक्स-रेमधून जाणार असेल, ती हाताने तपासून घ्या.

*केबिन बॅगेचं सीटी मशीन.* खरा बदल इथे झाला आहे. सीटी म्हणजे दवाखान्यात डोक्याचा किंवा पोटाचा काढतात तोच सीटी स्कॅन. १९७१ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्यांदा माणसाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला, आणि या तंत्रासाठी गॉडफ्रे हाउन्सफील्ड व अ‍ॅलन कॉरमॅक यांना १९७९ चं नोबेल मिळालं. यात एकाच बाजूने फोटो न काढता सगळ्या बाजूंनी अनेक चित्रं घेतली जातात, आणि कॉम्प्युटर ती जोडून बॅगेचं त्रिमितीय रूप तयार करतो. तपासणाऱ्याला स्क्रीनवर बॅग फिरवून बघता येते, म्हणून लॅपटॉप बाहेर काढावा लागत नाही. प्रवाशांसाठी हे सोयीचं आणि सुरक्षेसाठी चांगलं. पण एवढी चित्रं घ्यायची म्हणजे बॅगेला डोसही बराच जास्त मिळतो. कोडॅक आणि इल्फर्ड या दोन्ही ब्रँडचा सल्ला स्पष्ट आहे: फिल्म सीटी मशीनमधून नेऊ नका.

*चेक-इन बॅगेचं मशीन.* काउंटरवर दिलेली बॅग आत कुठे जाते ते आपल्याला दिसत नाही. स्फोटकं शोधण्यासाठी तिथे जोरदार मशीन असतात, मोठ्या एअरपोर्टवर सीटीसुद्धा. ठळक पट्टे उमटलेल्या फिल्म बहुतेक करून याच मशीनच्या असतात. म्हणून चेक-इनमध्ये फिल्म कधीच नको.

सीटी मशीन ओळखायचं कसं?

नाव वाचायची गरज नाही. या खुणा बघा:

- साधं मशीन म्हणजे चौकोनी लांबट पेटी, तोंडाशी रबरी पट्ट्यांचा पडदा. सीटी मशीन त्याहून बरंच मोठं, जाडजूड आणि बऱ्याचदा पांढरं व गोलसर कडांचं असतं. मोठा आडवा पिंपच जणू.
- "लॅपटॉप आणि लिक्विड बॅगेतच राहू द्या" असं सांगत असतील तर समोर सीटी असण्याची शक्यता खूप जास्त.
- तपासणाऱ्याच्या स्क्रीनवर बॅगेचं चित्र गोल फिरताना दिसलं तर खात्रीच.

शंका आली तर सीटीच आहे असं धरून चाला. चुकून जास्त काळजी घेतली तर दोन मिनिटं जातील, पण कमी घेतली तर रोल जाईल.

कुठे काय आहे? अ‍ॅमस्टरडॅमच्या स्किपोलवर हँड बॅगेसाठी सीटी मशीनच आहेत. ब्रिटन सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये मोठ्या एअरपोर्टना ही मशीन बसवायला सांगितलं. अमेरिकेतही अनेक ठिकाणी ती आली आहेत. भारतात नागरी विमान सुरक्षेचे नियम ठरवणाऱ्या बीसीएएसने मोठ्या एअरपोर्टवर अशी मशीन आणायची दिशा ठरवली आहे, आणि बदल टप्प्याटप्प्याने होतो आहे. त्यामुळे "गेल्या वर्षी इथून गेलो होतो, तेव्हा काही झालं नव्हतं" यावर विसंबू नका. त्याच एअरपोर्टवर एका रांगेत जुनं आणि शेजारच्या रांगेत नवं मशीन असू शकतं.

एक प्रवास मोजून बघू

समजा तुम्ही मुंबईहून दुबईमार्गे लंडनला भाचीच्या लग्नाला चालला आहात. सोबत ४०० आयएसओचे पाच रोल आहेत. त्यांची बॅग किती वेळा तपासली जाईल?

१. मुंबईत सिक्युरिटी चेक.
२. दुबईत विमान बदलताना ट्रान्सफरची तपासणी.
३. परतीला लंडनला सिक्युरिटी चेक.
४. पुन्हा दुबईत ट्रान्सफर.
५. मुंबईत उतरल्यावर बाहेर पडताना कस्टम्सचं एक्स-रे मशीन.

म्हणजे पाच वेळा. एअरपोर्टला मेट्रोने गेलात तर स्टेशनवरचं बॅगेचं मशीन वेगळं. काही मॉल आणि हॉटेलांच्या दारातही ते असतं. सगळी मशीन साधी असती तर ४०० ची फिल्म यातून कदाचित तगली असती, पण पाचपैकी एक जरी सीटी निघालं तरी गणित बिघडतं.

इथे हुशारी कशात आहे? फेऱ्या कमी करण्यात. जमल्यास थेट विमान घ्या. रोल लंडनलाच विकत घ्या आणि तिथेच धुऊन स्कॅन करून घ्या. परत येताना बॅगेत निगेटिव्ह असतील, आणि निगेटिव्ह कुठल्याही मशीनमधून हसत-खेळत जातात. लग्नासारखे पुन्हा न मिळणारे फोटो असतील तर हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. धुण्याचे चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

हँड चेक कसा मागायचा?

हँड चेक म्हणजे फिल्म मशीनमध्ये न टाकता हाताने तपासणं. अधिकारी डबी बघतात, कधी स्फोटकाचे कण शोधायला कापडाची छोटी पट्टी वरून फिरवतात. त्याने फिल्मला काहीच होत नाही.

अमेरिकेत तुम्ही मागणी केली तर फिल्म आणि फोटोचं साहित्य एक्स-रेशिवाय तपासण्याची तरतूद नियमातच आहे, त्यामुळे तिथे हे सहसा सहज होतं. बाकीच्या देशांत, भारतातही, हा निर्णय समोरच्या अधिकाऱ्याच्या हातात असतो. म्हणून हक्काने भांडायला जाऊ नका, विनंती करा.

घरून निघतानाची तयारी अशी:

- रोल पुठ्ठ्याच्या खोक्यातून काढा आणि पारदर्शक झिप पाउचमध्ये ठेवा. आत काय आहे ते एका नजरेत दिसलं पाहिजे.
- एखादा हाय स्पीड रोल असेल तर तो वर, आकडा दिसेल असा ठेवा.
- पाउच बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा. बॅग पट्ट्यावर ठेवायच्या आधी ते हातात घ्या.
- कॅमेऱ्यात रोल ठेवू नका. हँड चेकमध्ये अधिकारी कॅमेऱ्याचं मागचं दार उघडायला सांगू शकतात, आणि उघडलं की एक्स-रेआधी उजेडच तो रोल संपवेल.
- नेहमीपेक्षा अर्धा-पाऊण तास आधी पोचा. गर्दीच्या वेळी, मागे मोठी रांग असताना कुणालाच तुमच्या रोलसाठी वेळ नसतो.

रोल अर्धाच झाला असेल तर? कितवा फोटो झाला ते डबीवर लिहा आणि फिल्मचं टोक थोडं बाहेर राहील असा रोल गुंडाळून घ्या. पोचल्यावर पुन्हा भरा, लेन्सला झाकण लावा, सर्वांत जलद शटर ठेवा आणि लिहिलेल्या आकड्याच्या दोन फ्रेम पुढपर्यंत रिकामे क्लिक करत जा. दोन फ्रेम वाया जातील, बाकी रोल वाचेल.

बोलायचं काय? आपल्या एअरपोर्टवर ड्यूटीवरचे जवान देशभरातून आलेले असतात, त्यामुळे सोप्या हिंदीत सांगा: "सर, ये कैमरे की फिल्म है, अभी धुली नहीं है. मशीन में खराब हो जाएगी. हाथ से चेक कर लेंगे, प्लीज?" तरुण जवानांनी रोल कधी पाहिलाच नसेल, हेही लक्षात घ्या. हातात डबी घेऊन दाखवली की समजतं. परदेशात "फिल्म, हँड चेक, प्लीज" एवढं पुरतं.

आणि नाही म्हणाले तर?

- आवाज न चढवता, वरिष्ठांना विचारता येईल का, असं एकदा विचारा.
- शेजारच्या रांगेत जुनं मशीन असेल तर तिथून जाऊ देतील का, ते विचारा.
- मशीन साधं असेल आणि फिल्म ८०० च्या खालची असेल तर सोडून द्या. एका फेरीने दिसण्याजोगा फरक पडण्याची शक्यता कमी असते.
- मशीन सीटी असेल आणि दुसरा मार्ग नसेल, तर कोरे रोल जाऊ द्या, पण फोटो काढलेले रोल तरी हाताने तपासा, असं सांगून बघा. कोरा रोल पुन्हा विकत मिळतो.

हे सगळं फक्त तपासणीच्या जागी बोला. तिथे फोटो किंवा व्हिडिओ काढायचा मोह टाळा. सुरक्षा तपासणीच्या भागात त्याला मनाई असते, आणि पुणे किंवा गोव्याचं दाबोळी यांसारखे एअरपोर्ट संरक्षण दलांच्या तळावर आहेत, तिथे तर जास्तच काळजी घ्या.

शिशाच्या पिशवीचं काय?

एक्स-रे अडवणाऱ्या शिशाचा थर असलेल्या पिशव्या मिळतात. साध्या मशीनमध्ये त्या डोस कमी करतात हे खरं. पण स्क्रीनवर त्या जागी काळा ठोकळा दिसतो, आणि आत काय आहे ते दिसलं नाही की बॅग बाजूला काढली जाते. मग पिशवी उघडून रोल पुन्हा मशीनमध्ये टाकायला सांगू शकतात. चेक-इन बॅगेत किंवा सीटी मशीनमध्ये तर या पिशवीच्या भरवशावर राहूच नका. पारदर्शक पाउच आणि दोन गोड शब्द जास्त कामाला येतात.

कुरियरचा पर्यायही डोळे झाकून निवडू नका. विमानाने जाणारी पार्सलंही स्कॅन होऊ शकतात. पाठवायचंच असेल तर आधी त्या सेवेला विचारा आणि "न धुतलेली फोटो फिल्म, एक्स-रे करू नये" असं पाकिटावर ठळक लिहा. पण त्याने हमी मिळत नाही.

बॅटरीचा नियम उलटा आहे

कॅमेऱ्याच्या जास्तीच्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाहीत. त्या केबिन बॅगेतच न्यायच्या. कारण लिथियम बॅटरीने पेट घेतला तर केबिनमध्ये कुणाच्या तरी लक्षात येईल, सामानाच्या कप्प्यात येणार नाही.

मर्यादा वॅट-तासात असते. हिशेब सोपा आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. मिररलेस कॅमेऱ्याची ७.२ व्होल्ट, २२८० एमएएच बॅटरी म्हणजे साधारण १६ वॅट-तास. २०,००० एमएएच पॉवर बँक ३.७ व्होल्टने गुणली तर ७४ वॅट-तास. १०० पर्यंत सहसा परवानगी लागत नाही, १०० ते १६० साठी एअरलाइनची परवानगी लागते, आणि १६० च्या वर प्रवाशाला नेताच येत नाही. प्रत्येक सुट्या बॅटरीच्या टोकांवर प्लास्टिकचं झाकण किंवा चिकटपट्टी लावा, म्हणजे किल्ल्या-नाण्यांना लागून शॉर्ट होणार नाही. आणि निघण्याआधी आपल्या एअरलाइनचे नियम एकदा बघून घ्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*रोल चुकून सीटीमधून गेला. फेकून द्यायचा का?*
मुळीच नाही. फोटो काढलेला असेल तर नेहमीसारखा धुवायला द्या आणि लॅबला काय झालं ते सांगा. भरपूर उजेडात काढलेले फोटो बऱ्यापैकी निघू शकतात. नुकसान मुख्यतः अंधाऱ्या भागात होतं. रंग बिघडले असतील तर स्कॅन कृष्णधवल करून बघा. कोरा रोल असेल तर महत्त्वाच्या कामाला वापरू नका. सरावाला वापरा आणि एक स्टॉप जास्त प्रकाश द्या.

*इन्स्टॅक्सचा निघालेला फोटो खराब होईल का?*
नाही. पूर्ण उमटलेला फोटो सुरक्षित असतो. कार्ट्रिजमधली कोरी फिल्म सांभाळायची.

*मी डब्यावर "एक्स-रे करू नका" लिहिलं तर?*
सूचना म्हणून उपयोगी, पण कुणावर बंधनकारक नाही. तोंडाने सांगावंच लागतं.

*विमानात उंचावर असताना फिल्म खराब होते का?*
उंचीवर अवकाशातून येणारं प्रारण थोडं जास्त असतं, पण एखाद्या प्रवासात त्याचा फिल्मवर दिसण्याजोगा परिणाम होत नाही.

शेवटी लक्षात ठेवायची गोष्ट

"माझी फिल्म किती आयएसओची?" हा प्रश्न आता एकटा पुरत नाही. त्याच्या जोडीला "समोरचं मशीन कोणतं?" आणि "आतापर्यंत किती वेळा स्कॅन झालं?" हे दोन प्रश्नही विचारायचे. आणि जे फोटो तुमच्यासाठी खरोखर मोलाचे आहेत, ते विमानात चढण्याआधी धुऊन घ्या.

तुमच्या ओळखीत कुणी इन्स्टॅक्स किंवा फिल्म कॅमेरा घेऊन विमानाने निघालं असेल, तर त्यांना हा लेख बॅग भरायच्या आधी पाठवा.